तीस हजारांचा चष्मा कुणासाठी?

स्मार्ट चष्मे, म्हणजे कॅमेरा, स्पीकर आणि विचारलेल्याचं बोलून उत्तर देणारा सहायक असलेले चष्मे, मी माझ्या चष्म्याच्या दुकानात ठेवत नाही. तरीही गेल्या वर्षापासून त्यांची चौकशी वरचेवर होते. विचारणारे बहुतेक इंजिनिअरिंगची मुलं, रील बनवणारे, नाहीतर पुण्याहून सुट्टीला आलेली मंडळी. "मॅडम, घेण्यासारखा आहे का? की नुसता शौक?" काउंटरवर तीन माणसं खोळंबलेली असताना याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. वस्तू कामाची आहे. पण जाहिरातीत ती ज्यांच्या नाकावर दिसते, त्यांचं तिच्यावाचून काही अडलेलं नाही. ज्यांचं खरोखर अडलंय, त्यांचा विचार ती बनवताना सगळ्यात शेवटी झालेला दिसतो. सांगलीत रोज माणसांच्या नाकावर चष्मे बसवणारी बाई म्हणून मी हे बोलते आहे. कंपन्यांचे आकडे मीही वाचते, पण माझा भरवसा काउंटरच्या अलीकडे जे दिसतं त्यावर जास्त.

द्राक्षाचा हंगाम संपता संपता तासगावकडचा एक बागायतदार आला. वय पस्तिशीच्या आत. परदेशातल्या मावसभावाने त्याला कॅमेऱ्याचा स्मार्ट चष्मा आणून दिला होता, बिननंबरी काचांचा. याचा नंबर उणे साडेतीन, वर सिलिंडर, म्हणजे काच ठरावीक कोनातच बसावी लागते असा नंबर. नंबराच्या काचा टाकून द्या म्हणाला. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण पुढे जे लिहिते आहे ते या जातीच्या सगळ्याच चष्म्यांना कमी-अधिक लागू पडतं.

काचा बसल्या. अडलं ते फिटिंगला. साधी फ्रेम असली की आम्ही काडी हीटरवर धरतो, मऊ झाली की कानामागच्या उतारावर बेतून वाकवतो. बहुतेक माणसांचा एक कान दुसऱ्यापेक्षा जरासा वर असतो. त्या हिशोबाने एक काडी किंचित उचलायची, दुसरी दाबायची, मग नाकाचे पॅड आत-बाहेर करायचे. एवढं केलं की चष्मा डोक्याला धरतो आणि माणूस तो विसरून जातो. चांगल्या फिटिंगची खूण तीच. या चष्म्याच्या काड्यांत बॅटरी, स्पीकर आणि तारा होत्या. हीटरवर धरायची सोय नाही. पॅड फ्रेमलाच ओतलेले, तेही हलत नाहीत. मी काट्यावर वजन पाहिलं तर ५० ग्रॅमच्या आसपास. त्याची रोजची फ्रेम काचांसकट २५ ग्रॅमच्या आत होती.

५० ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही. पण त्यातला मोठा भार नाकाच्या दोन बाजूंना नखाएवढ्या जागेवर येतो. एप्रिलच्या दुपारी घामेजलेल्या नाकावरून असा चष्मा हळूहळू खाली सरकतो. तो सरकला की सिलिंडरची काच डोळ्यासमोरून ढळते आणि माणसाला अंधुक दिसायला लागतं. म्हणजे त्यातला कॅमेरा, सहायक, गाणी सगळं चालू, आणि मूळ चष्म्याचं कामच बिघडलेलं.

म्हणून मी स्मार्ट चष्म्याकडे आधी चष्मा म्हणूनच बघते. चष्म्याचा इतिहासही तेच सांगतो. इटलीत १२८६ च्या सुमारास चष्मा तयार झाला, पण त्याला काड्या नव्हत्या. माणसं तो नाकावर चिमटवत, हाताने धरत, टोपीला अडकवत. लंडनचा एडवर्ड स्कार्लेट याने कानाकडे जाणाऱ्या काड्या लावलेले चष्मे विकायला सुरुवात केली ती १७३० च्या आसपास. काच तयार झाल्यावर ती डोक्यावर धड टिकायला ४०० वर्षांहून जास्त काळ गेला. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना एवढा वेळ लागू नये, पण प्रश्न त्यांच्यापुढेही तोच आहे.

गूगल ग्लासचं, म्हणजे गूगलने काढलेल्या पडद्याच्या स्मार्ट चष्म्याचं, काय झालं ते आठवून बघा. २०१३ मध्ये अमेरिकेत निवडक लोकांना तो १५०० डॉलरला मिळू लागला. नंबराच्या काचांसाठी फ्रेम आल्या त्या जानेवारी २०१४ मध्ये. म्हणजे ज्याला मुळात चष्मा लागतो त्याला सुरुवातीला यात जागाच नव्हती! जानेवारी २०१५ मध्ये त्याची किरकोळ विक्री थांबली. चेहऱ्यावर कॅमेरा लावून समोर उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल लोकांना आलेला राग हेही त्यामागचं एक कारण होतं.

पण गोष्ट तिथे संपली नाही, आणि पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. तोच चष्मा कारखान्यांत गेला. शेतीची यंत्रं बनवणाऱ्या अ‍ॅग्को कंपनीच्या अमेरिकेतल्या कारखान्यात यंत्रांच्या तपासणीचा वेळ त्याने ३० टक्के कमी झाला. विमानांत मैलोगणती वायरी असतात. त्या जोडणाऱ्या बोइंगच्या कामगारांना आराखडा डोळ्यासमोर दिसू लागल्यावर त्यांचा वेळ चतुर्थांशाने वाचला. नेदरलँड्समध्ये मालवाहतूक करणाऱ्या डीएचएल कंपनीने २०१५ मध्ये गोदामातल्या माणसांना असे चष्मे देऊन पाहिले, तेव्हा माल काढण्याचं काम २५ टक्क्यांनी वाढलं. पुढे गूगलने २०१७ मध्ये खास कामगारांसाठीची आवृत्ती काढली आणि मार्च २०२३ मध्ये तीही विकणं बंद केलं. धंदा म्हणून ते परवडलं नसेल. पण ज्यांचे दोन्ही हात कामात अडकलेले असतात त्यांना हा चष्मा लागू पडतो, एवढं त्यातून कळलं.

आमच्या तासगावच्या गिऱ्हाइकाचा अनुभवही तोच. मी त्याला विचारलं, नुसतं फोटो काढायला एवढं कशाला? तो म्हणाला, "मॅडम, छाटणीला लई उपयोग होतोय." ऑक्टोबरात फळछाटणी असते. एका हातात वेलीची काडी, दुसऱ्या हातात कात्री. कुठल्या काडीवर किती डोळे, म्हणजे फुटणारे कोंब, राखायचे, काप कुठून घ्यायचा, हे नव्या मजुरांना लांबून सांगून कळत नाही. त्याने स्वतः छाटताना चष्म्यातून चित्रण केलं आणि टोळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. बघणाऱ्याला कात्री स्वतःच्याच हातात असल्यासारखी दिसते. पावसाळी हवेत पानामागे डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग, दिसली की सल्लागाराला व्हिडिओ कॉलवर तेच पान उलटून दाखवायचं, हातमोजे न काढता. फवारणीच्या वेळी मात्र तो चष्मा घरीच ठेवतो. औषधाचा तुषार कॅमेऱ्याच्या काचेवर बसला की सगळं धूसर, आणि अशा महागाच्या वस्तूवर औषध उडवायचं कशाला? मला त्याचं बोलणं पटलं. भेट म्हणून आलेल्या वस्तूला त्याने काम शोधलं.

त्याच्याचमुळे दुसरी एक गोष्ट घडली, आणि हा लेख लिहावासा वाटला तो तिच्यामुळे.

मिरजेचे एक निवृत्त शिक्षक वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे येतात. हायस्कुलात मराठी शिकवायचे. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. बाजूचं काही दिसत नाही, मध्यभागी धुकं, समोर धरलेली बोटं तेवढी मोजता येतात. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून थेंब घालत राहायचे, एवढंच. त्यांच्यासाठी कुठलीही काच माझ्याकडे नाही, आणि ते मी त्यांना सांगितलेलं आहे. तरी ते येतात, बसतात, चहा घेतात. बागायतदार चष्मा घ्यायला आला त्या दिवशी सर मुलासोबत दुकानात होते. मी त्याला विनंती केली आणि त्याने एका शब्दात हो म्हटलं. फोन जोडलेला ठेवून चष्मा सरांच्या डोळ्यांवर चढवला.

सरांच्या खिशात थेंबांच्या दोन बाटल्या असतात. हाताला दोन्ही सारख्याच लागतात. एक सकाळ-संध्याकाळची, एक फक्त रात्रीची. ओळखू यावी म्हणून रात्रीच्या बाटलीला रबर गुंडाळलेलं असतं. नवी बाटली आणली की रबर कुणीतरी लावून द्यावं लागतं. सरांनी एक बाटली समोर धरली. आधी फार जवळ धरली, मग मी त्यांचा हात कोपरापर्यंत लांब करून दिला, कारण कॅमेरा फ्रेमच्या कोपऱ्यात असतो आणि अगदी जवळचं त्याच्या चौकटीत येत नाही. चष्म्याने इंग्रजीत औषधाचं नाव वाचलं, मग मुदत संपण्याचा महिना आणि वर्ष. सरांनी दुसरी बाटली धरली. तिचंही वाचून झालं. मग त्यांनी रबर काढलं, दोन्ही बाटल्या मुठीत घेऊन उलटसुलट केल्या, पुन्हा एक समोर धरली, नाव ऐकलं आणि रबर स्वतःच्या हाताने बरोबर बाटलीला चढवलं. मुलगा मदत करायला पुढे झाला होता, त्याला हाताने थांबवलं.

नंतर मुलाने पेपर पुढे केला. इथे मात्र चष्मा अडखळला. आम्ही वापरला त्यात मराठी नव्हती. हिंदी निवडून मराठी मथळे वाचायला लावले तर कवठेमहांकाळचं 'कवठेमहांकाल' झालं, हळदीची 'हलद' झाली, आणि एक जोडाक्षर तर पूर्ण गिळलं. सरांनी वर्गात दुरुस्त करावं तसं प्रत्येक वेळी दुरुस्त केलं. मग म्हणाले, "मजकूर कळला. उच्चार मी शिकवीन."

आम्ही त्यांना दुकानाबाहेर रस्त्यावरही नेलं. समोर काय आहे विचारल्यावर चष्म्याने सांगितलं, दुकानं आहेत, दुचाकी लावल्या आहेत, एक रिक्षा उभी आहे. सगळं खरं. पण पायापासून चार पावलांवर गटाराचं झाकण सरकलेलं होतं, त्याबद्दल अवाक्षर नाही. ते सरांच्या पांढऱ्या काठीला लागलं. उत्तर यायला काही सेकंद जातात, तेवढ्यात बस निघून जाते आणि दुचाकी अंगावर येते. तेव्हा ज्यांच्या घरात दृष्टी गेलेलं माणूस आहे त्यांना मी बजावून सांगते, हा चष्मा वाचून दाखवतो, वर्णन करतो. राखण करत नाही. काठी सोडायची नाही.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं मोबाईलवरही होतं. होतं. बी माय आईज हे अ‍ॅप डेन्मार्कच्या हान्स यॉर्गन वीबर्ग यांनी २०१५ मध्ये सुरू केलं. त्यांची स्वतःची नजर अधू आहे. अंध माणसाने व्हिडिओ कॉल करायचा आणि जगात कुठेतरी बसलेल्या डोळस स्वयंसेवकाने त्याला समोरचं वाचून दाखवायचं. अ‍ॅप फुकट आहे. २०२३ पासून त्यात माणसाऐवजी कृत्रिम बुद्धिमत्तेकडूनही वर्णन मिळतं. पण सरांचा एक हात काठीला असतो आणि बाजारात दुसऱ्या हातात पिशवी. मोबाईल धरायला तिसरा हात कुठून आणायचा? शिवाय न दिसणाऱ्या माणसाला मोबाईलचा कॅमेरा नेमका कुठे रोखायचा हे कळत नाही. चष्मा जिकडे मान वळेल तिकडे बघतो. म्हणूनच बी माय आईज पुढे रे-बॅन मेटा या, फेसबुकवाल्या मेटा कंपनीच्या, स्मार्ट चष्म्यांवर आलं. कार्तिक महादेवन आणि कार्तिक कन्नन या दोघांच्या एन्व्हिजन कंपनीने तर गूगल ग्लासच्याच कारखान्यासाठीच्या आवृत्तीवर अंधांसाठीचा चष्मा उभा केला. जो चष्मा डोळसांनी नाकारला, तो अशा रीतीने अंधांच्या उपयोगी आला.

अडचण किमतीची आहे. रे-बॅन मेटा भारतात मे २०२५ मध्ये आला तो २९,९०० रुपयांपासून. नंबराच्या काचांचे पैसे वेगळे. सरांना पेन्शन आहे, मुलगा कमावता आहे, त्यांना जमेल. पण माझ्याकडे येणारे अधू नजरेचे बहुतेक लोक तपासणी फीसुद्धा कमरेच्या पिशवीतून मोजून देतात. दृष्टिहीनांना सरकारी योजनेतून सहायक साधनं देताना मराठी वाचणारा, मराठी बोलणारा असा चष्मा धरायलाच हवा असं माझं ठाम म्हणणं आहे. ही चैनीची वस्तू नाही. स्वतःचं औषध स्वतः ओळखता येणं यात चैन कसली?

पडदा असलेल्या चष्म्यांबद्दलही विचारतात. मेटाने सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत ७९९ डॉलरचा एक काढला, त्याच्या उजव्या काचेत अक्षरं दिसतात. माझ्या विषयाची म्हणून मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. ही अक्षरं डोळ्याला टेकल्यासारखी नसतात. काचेतल्या रचनेमुळे डोळ्याला ती हातभराच्या पलीकडे, लांबवर असल्यासारखी भासतात. म्हणून चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसालाही ती वाचायला जवळचा नंबर लागत नाही. मोबाईलवरचा मेसेज हात ताणून वाचणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या माणसाला यात सुख आहे. पण उजवा डोळाच लहानपणापासून आळशी, म्हणजे नंबर लावूनही धड न दिसणारा, असेल तर? आपल्याकडे असे लोक कमी नाहीत, कारण शाळेत घालायच्या वेळी डोळे तपासायची पद्धत अजून घरोघर पोचलेली नाही. अनेकांना आपला एक डोळा आळशी आहे हे माझ्या खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा कळतं. त्यांना त्या काचेतलं काही धड वाचता येणार नाही. घेण्याआधी एक-एक डोळा झाकून तपासून घ्या. नंबराची मर्यादाही बघा. २०२५ मध्ये रे-बॅन मेटाला कंपनीकडून उणे ६ ते अधिक ४ एवढ्याच नंबराच्या काचा मिळत होत्या, पडद्याच्या चष्म्याला उणे ४ ते अधिक ४. उणे आठवाल्या मुलीने नुसती फ्रेम आवडली म्हणून पैसे भरू नयेत.

आता कॅमेऱ्याबद्दल. मध्यंतरी एक तरुण दुकानात आला, फ्रेम बघू लागला, बोलता बोलता काउंटरवरच्या माझ्या मदतनीस मुलीकडे वळून उभा राहिला. ती हळूच आत आली आणि म्हणाली, "ताई, ते शूट करतायत का हो?" चित्रण चालू असलं की फ्रेमच्या कोपऱ्यात बारीक पांढरा दिवा लागतो. पण आमच्या दुकानात छतभर ट्यूब आणि समोर आरसे. त्या झगमगाटात तो दिवा लागलाय की आरशातला उजेड चमकतोय हे तिला कळेना. मी बाहेर जाऊन सरळ विचारलं. तो नाही म्हणाला, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. पण तेवढा वेळ त्या मुलीने जो संकोच सोसला त्याचं काय? मोबाईल समोर धरला की निदान कळतं. चष्म्याकडे बघून कळत नाही.

हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी २०२४ मध्ये दाखवून दिलं की अशा चष्म्याचं चित्रण आणि इंटरनेटवर उपलब्ध असलेली चेहरा शोधण्याची साधनं जोडली तर रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं नाव, पत्ता हाती लागू शकतो. त्यांनी ते धोका कळावा म्हणून केलं आणि त्याची कृती उघड केली नाही. आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एखाद्याने निव्वळ खासगी, घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. भारतीय न्याय संहितेचं ७७ वं कलम स्त्रीचं खासगी क्षणी चोरून चित्रण करण्याला आहे. काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीचा संकोच यातल्या कशात बसत नाही. म्हणून मी माझ्यापुरता नियम केलाय. नंबर तपासायच्या खोलीत कॅमेऱ्याचा चष्मा घालून कुणी यायचं नाही, तो बाहेर ट्रेमध्ये ठेवायचा. त्या खोलीत अंधार असतो आणि माणसाचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर असतो. तिथे बायका पदर सावरायचं विसरून निवांत बसतात, त्या याच भरवशावर.

यापुढचं जे आहे ते मला सगळ्यात जास्त बोचतं.

उन्हाळ्यात आम्ही बेदाण्याच्या शेडवर डोळे तपासायला जातो, तासगाव-कवठेमहांकाळच्या बाजूला. जाळ्यांवरून उतरवलेला बेदाणा बायका निवडायला बसतात. त्यातल्या बारीक काड्या, काळे दाणे, खडे वेचून काढायचे. बहुतेक जणी चाळिशीच्या पुढच्या. "मावशी, दिसतं का नीट?" विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "दिसतंय की, पर बारीक न्हाई दिसत. वय झालं आता." त्यांना आजार काही नसतो. जवळचं दिसणं कमी झालेलं असतं, जे चाळिशीनंतर सगळ्यांचंच होतं. एका मावशींना मी दीडचा नंबर लावून दिला. त्यांनी आपल्याच निवडून झालेल्या ढिगातला मूठभर बेदाणा तळहातावर घेतला, बोटाने पसरला, बराच वेळ बघितला आणि शेजारणीला म्हणाल्या, "आगं, एवढ्या काड्या ऱ्हात हुत्या व्हय!" तो चष्मा दोनशे रुपयांच्या आतला होता.

आसाममधल्या चहामळ्यांत असंच काम करणाऱ्या ७५१ मजुरांचा अभ्यास २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सगळे चाळिशीचे किंवा पुढचे. अर्ध्यांना जवळचा साधा चष्मा दिला, अर्ध्यांना अभ्यास संपल्यावर दिला. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची क्षमता इतरांच्या तुलनेत जवळपास २२ टक्क्यांनी वाढली. पन्नाशीच्या पुढच्यांत हा फरक आणखी मोठा होता. बांगलादेशात असाच अभ्यास झाला, २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथे साधा जवळचा चष्मा मिळालेल्यांचं मासिक उत्पन्न साधारण ३३ टक्क्यांनी वाढलं.

वर डीएचएलचा आकडा दिलाय तो परत बघा. नेदरलँड्सच्या गोदामात पडद्याच्या स्मार्ट चष्म्याने २५ टक्के, आसामच्या मळ्यात जवळच्या साध्या चष्म्याने २२ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात ८० कोटींहून जास्त लोकांना जवळचा चष्मा हवा आहे आणि तो मिळालेला नाही. त्यांतल्या कितीतरी जणी आपल्या बेदाण्याच्या शेडवर, हळद निवडायला, शिलाई मशीनवर बसलेल्या आहेत. सप्टेंबर २०२५ पासून नजरेच्या चष्म्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, हे चांगलंच झालं. पण त्या मावशींचा चष्मा अडला होता तो करामुळे नाही. आजवर त्यांना कुणी तपासलंच नव्हतं.

म्हणून स्मार्ट चष्म्यावर उत्साहाने बोलणाऱ्या मुलांना मी एक विचारते, घरात आईचा जवळचा नंबर कधी तपासलाय? बरेच जण गप्प होतात. काही जण पुढच्या रविवारी आईला घेऊन येतात, आणि मला त्याचा फार आनंद होतो.

ज्यांना तरीही स्मार्ट चष्मा घ्यायचा आहे त्यांना मी अडवत नाही. तरुण वय आहे, हौस आहे, पैसे आहेत, तर घ्या. आधी नंबर काढून घ्या. शक्य असेल तर दुकानात तासभर घालून बसा, नुसतं आरशात बघून ठरवू नका. चष्मा खाली घसरतोय का, काडी कानामागे गरम होतेय का, मान खाली घातल्यावर पुढे येतोय का, ते बघा. त्यातली बॅटरी इतर बॅटऱ्यांसारखीच थकत जाणार आहे आणि ती घड्याळजीकडे जाऊन बदलता येत नाही. साध्या चांगल्या फ्रेममध्ये आम्ही दहा-दहा वर्षं काचा बदलून देतो. हा हिशोब मनाशी करा.

मिरजेच्या सरांसाठी त्यांच्या मुलाने चौकशी सुरू केली आहे. मी त्यांना थोडं थांबायला सांगितलंय. मराठी नीट वाचणारा चष्मा आला की घ्यायचा. तोवर गळ्यात अडकवायच्या पट्ट्यात मोबाईल, कॅमेरा बाहेरच्या बाजूला, आणि त्यावर अ‍ॅप. हात मोकळा राहतो. सरांना हे जमतंय.

काचबिंदू, डोळ्यातल्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार किंवा मधुमेहाने नजर गेलेलं कुणी तुमच्या घरी असेल तर शनिवारी दुपारी घेऊन या, त्या वेळी दुकानात गर्दी नसते. मोबाईलवर काय काय करता येतं ते मी बसून दाखवीन. बागायतदाराचा चष्मा त्या दिवशी इथे असेल तर तोही घालून बघता येईल, त्याने तसं सांगून ठेवलंय. येताना डोळ्यांच्या डॉक्टरांची जुनी फाईल आणि सध्या चालू असलेले थेंब सोबत आणा.